ब्रेकचे पैसे किती द्यायचे?

मागच्या पावसाळ्यानंतर आमच्या गटाची स्कूटर ब्रेक दाबला की करकरायला लागली. आम्ही तिच्यावरून सुकटीचे आणि पापडाचे डबे रेवदंड्याहून अलिबागला, कधी कार्ले खिंड उतरून पेणपर्यंत नेतो. खिंडीत ब्रेक लागला नाही तर काय होईल, हे सांगायला नको. गॅरेजवाल्याने उभ्या उभ्या सांगितले, "दोन्ही चाकांचे लायनर, दोन केबल, मागचा ड्रम, मजुरी धरून एकतीसशे." आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. रक्कम जास्त होती की बरोबर, हेच आम्हाला कळेना.

हे न कळणे तसे नवे आहे. आपल्या आज्या मुंबईला लाँचने आणि बोटीने जायच्या. 17 जुलै 1947 ला रेवसला येणारी रामदास बोट बुडाली, तिच्या आठवणी अजून घराघरांत निघतात. पुढे एसटी आली, मग सहा आसनी मिनीडोर आल्या. बोटीचे यंत्र असो की एसटीचा ब्रेक, तो बघणे दुसऱ्याचे काम होते, आपण फक्त तिकीट काढायचे. 1972 ला लूना आली, 1984 ला बटण दाबून चालू होणारी कायनेटिक होंडा आली, आणि हळूहळू गाडी बाईच्या हातात आली. हँडल हातात आले, पण गॅरेजमधले बोलणे बरीच वर्षे घरातल्या पुरुषांकडेच राहिले. त्यामुळे भाव ठरवायची सवय आपल्याला लागलीच नाही.

पण हिशेब मागायची सवय आपल्या जिल्ह्याला होती. पोयनाडजवळच्या चरी गावात 1933 साली कुळांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. हा संप 1939 पर्यंत चालला. खोत ठरलेल्या खंडावर आणखी काहीबाही वसूल करायचा, वेठ घ्यायचा, आणि कुळाच्या हातात कागद नसायचा. 1934 साली डॉ. आंबेडकर चरीला आले होते. त्या सहा वर्षांत घरात धान्य नाही म्हणून बायकांनी रानातल्या मोळ्या विकून चुली पेटवल्या, असे तिकडच्या म्हाताऱ्या सांगत. आता खोत आणि गॅरेजवाला यांची बरोबरी करणे बरे नाही, तो बिचारा हात काळे करून पोट भरतो. पण 'कशाचे किती' हे वेगवेगळे लिहून मागण्याची गोष्ट तीच आहे.

दुकानातल्या भावाचीही अशीच कहाणी आहे. 1966 साली मुंबईत नऊ बायकांनी ग्राहकांसाठी संस्था काढली. 1972-73 च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. 24 डिसेंबर 1986 ला ग्राहक संरक्षण कायदा झाला. पण आपल्या गॅरेजच्या कामाला सगळ्यात उपयोगी पडणारी गोष्ट 1990 ची. त्याआधी पाकिटावर 'किंमत अमुक, स्थानिक कर वेगळे' असे छापता यायचे, आणि त्या 'वेगळे'मध्ये वाटेल ते बसायचे. 1990 नंतर सर्व करांसह कमाल किंमत छापणे सक्तीचे झाले. लायनरच्या खोक्यावरची किंमत म्हणजे तीच. तिच्यावर वेगळा जीएसटी लावता येत नाही. मजुरीवर लावता येतो, पण गॅरेजची नोंदणी असेल तरच.

म्हणून त्या दिवशी आम्ही गॅरेजवाल्याला म्हटले, "भाऊ, चाक खोलून आमच्या समोर दाखवा, मग बोलू." तो जरा नाराज झाला, पण खोलले. मागचे लायनर खरेच झिजून धातूला लागायला आले होते. पुढचे मात्र चांगले होते. तिथे खारी हवा आणि किनाऱ्यावरची वाळू जाऊन आतला कॅम गंजला होता, त्यामुळे ब्रेक जड लागत होता. घासून, साफ करून, थोडे ग्रीस लावले की काम भागणार होते. ड्रमच्या आत कमाल माप कोरलेले असते, ते आम्ही त्यालाच मोजून दाखवायला लावले. ड्रम मापात होता. मागची केबल मात्र तुटायला आली होती. ती बदलावी लागेल हे त्याने बरोबरच सांगितले होते, आणि आम्ही तिच्यावर उगाच वाद घातला. तेही कबूल करायला हवे.

बऱ्याच गाड्यांना चाकाजवळ ब्रेकच्या दांड्यावर एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण खुणेला लागला की लायनर संपले. ब्रेक नुसता सैल लागत असेल तर आधी मागचा नट आवळून बघायचा, ते दोन मिनिटांचे काम आहे. डिस्क ब्रेकच्या गाडीत पॅड किती जाड उरले ते बाहेरून दिसते, आणि ब्रेक ऑईल ओलावा शोषते म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. गॅरेजवाल्याने ते सांगितले तर तो लुबाडतोय असे समजू नका. आणि ड्रममधली धूळ फुंकू नका, तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकते.

स्वस्तातही फसगत होते. आमच्यातल्या एकीने खोक्याशिवाय सुटे मिळालेले लायनर बसवून घेतले होते. काही महिन्यांत त्यांचा वरचा थर सुटून ड्रममध्ये अडकला आणि चाक जाम झाले. नशिबाने गाडी अंगणातच होती. तेव्हापासून खोके फोडताना आम्ही समोर उभ्या राहतो, किंमत वाचतो, आणि जुना भाग परत मागतो. जुना भाग हातात आला की नवा खरेच बसवला याची खात्री होते.

मजुरीचा भाव कुठे छापलेला नसतो. तो दोन गॅरेजमध्ये विचारूनच कळतो. चाक खोलणे, कॅम साफ करणे, पुन्हा जुळवून गाडी चालवून बघणे, याला वेळ जातो आणि हात लागतो. तिथे पाच-पन्नास रुपयांवरून आम्ही घासाघीस करत नाही. बिल मात्र घेतोच, कारण अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचे तर कागद लागतो. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी नाही. 1915 वर फोन करूनही तक्रार नोंदवता येते.

आमचे बिल शेवटी झाले सातशे ऐंशी. मागचे लायनर, एक केबल, दोन्ही चाकांची साफसफाई, मजुरी वेगळी लिहिलेली. गॅरेजवाल्याने पहिल्यांदाच आमच्या गटाच्या नावाने पावती फाडली, आणि सुकटीचा एक डबा मागून घेतला. त्याचे पैसे दिलेन.