ट्रम्प तिसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष होऊ शकतात का? घटनेतली ती पळवाट नेमकी काय आहे?

'ट्रम्प २०२८' लिहिलेली लाल टोपी तुमच्याही फीडवर येऊन गेली असेल. एप्रिल २०२५ मध्ये ती ट्रम्प यांच्याच कंपनीच्या ऑनलाइन दुकानात विकायला आली. त्याआधी मार्चमध्ये एनबीसीला दिलेल्या मुलाखतीत तिसऱ्या टर्मबद्दल आपण गंमत करत नाही, त्याचे मार्ग आहेत, असं ट्रम्प म्हणाले होते. मग खरंच मार्ग आहेत का?

आधी नियम बघू. पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन दोन टर्मनंतर स्वतःहून थांबले आणि तशी प्रथा पडली. पण ती फक्त प्रथाच होती. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ती मोडली. १९३२, १९३६, १९४० आणि १९४४ अशा चार निवडणुका ते जिंकले आणि १९४५ मध्ये पदावर असतानाच वारले. असं पुन्हा होऊ नये म्हणून २२वी घटनादुरुस्ती आली. ती १९५१ मध्ये लागू झाली. कोणतीही व्यक्ती राष्ट्राध्यक्षपदावर दोनपेक्षा जास्त वेळा निवडून येऊ शकत नाही, असं ती सांगते. टर्म सलग असोत वा नसोत, फरक पडत नाही. ट्रम्प २०१६ आणि २०२४ ला निवडून आले, म्हणजे त्यांचा कोटा संपला.

पण त्या वाक्यातला 'निवडून येणे' हा शब्द नीट बघा. दोनदा निवडून आलेल्याने पद 'भूषवू' नये, असं त्यात लिहिलेलं नाही. पळवाट शोधणारे इथेच बोट ठेवतात. समजा २०२८ ला जे. डी. व्हान्स राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि ट्रम्प उपराष्ट्राध्यक्षपदासाठी. जिंकल्यावर व्हान्स यांनी राजीनामा दिला, तर ट्रम्प न निवडून येताच राष्ट्राध्यक्ष!

याला उत्तर म्हणून १८०४ ची १२वी घटनादुरुस्ती दाखवली जाते. जो राष्ट्राध्यक्षपदासाठी घटनेनुसार अपात्र, तो उपराष्ट्राध्यक्षपदालाही अपात्र, असं ती म्हणते. विषय संपला? पूर्ण नाही. पळवाटवाल्यांच्या मते 'अपात्र' म्हणजे वय ३५ पेक्षा कमी असणं, जन्माने अमेरिकी नागरिक नसणं वगैरे. २२वी दुरुस्ती फक्त निवडणुकीची दारं बंद करते. मला हा युक्तिवाद ओढूनताणून केलेला वाटतो, कारण रूझवेल्टनंतर हा नियम कशासाठी आणला हे उघड आहे. पण या प्रश्नावर सुप्रीम कोर्टाचा निकाल आजवर आलेला नाही.

आणि नियम मोडून कुणी उभं राहिलंच, तर अडवणार कोण? कॅपिटल हल्ल्यावरून कोलोराडो राज्याने ट्रम्प यांचं नाव मतपत्रिकेवरून काढायचं ठरवलं, तेव्हा मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्याला तो अधिकार नसल्याचं सांगितलं. ते कलम वेगळं होतं, हे खरं. तरी राज्यं कुठवर जाऊ शकतात, हा वाद त्यामुळे जिवंत राहतो.

सरळ रस्ता घटना बदलण्याचा. अँडी ओगल्स या रिपब्लिकन खासदारांनी जानेवारी २०२५ मध्ये तसा प्रस्ताव मांडलाही. ज्याच्या पहिल्या दोन टर्म सलग नव्हत्या, त्यालाच तिसरी संधी. म्हणजे ट्रम्प यांना चालेल, ओबामांना नाही! पण त्यासाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि ५० पैकी ३८ राज्यांची मंजुरी लागते. आजच्या अमेरिकेत हे जवळपास अशक्य.

इतर देशांत मात्र हे सहज घडलंय. रशियात नियम सलग दोन टर्मचा होता, म्हणून पुतिन २००८ ला मेदवेदेव यांना खुर्ची देऊन पंतप्रधान झाले आणि २०१२ ला परतले. चीनने २०१८ मध्ये मर्यादाच काढून टाकली. विरोधात फक्त २ मतं पडली. (आपल्याकडे राष्ट्रपतिपदाला अशी मर्यादाच नाही, पण खरी सत्ता पंतप्रधानांकडे असते. आणि तिथेही मर्यादा नाही.)

ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी उपराष्ट्राध्यक्षपदाची कल्पना लोकांना आवडणार नाही म्हणत बाजूला सारली आणि आपल्याला पुन्हा लढण्याची परवानगी नाही, हेही मान्य केलं.

कमेंटमध्ये हमखास येणारा प्रश्न: युद्धाचं कारण देऊन निवडणूकच पुढे ढकलली तर? निवडणुकीची तारीख संसदेच्या कायद्याने ठरते, राष्ट्राध्यक्ष ती बदलू शकत नाहीत. १८६४ च्या यादवी युद्धातही मतदान झालं होतं. आणि निवडणूक झाली नाही तरी ट्रम्प यांची टर्म २० जानेवारी २०२९ ला दुपारी १२ वाजता संपते. ती तारीख आणि वेळ २०व्या घटनादुरुस्तीतच लिहिलेली आहे.