चढणीचे मासे आणि आज्जाची नावं

मंडळी, सांबरा म्हटलं की आज विमानतळ आठवतो. आमच्या आज्जाला आधी ओढा आठवायचा.

मिरगाचा पाऊस लागला, ओढ्याला गढूळ पाणी आलं की मासे उलटे, प्रवाहाच्या विरुद्ध चढायचे. हे चढणीचे मासे. मोठ्या नदीतून ओढ्यात, ओढ्यातून पाणी साठलेल्या भातशेतात. उथळ पाण्यात, गवताच्या आडोशाला अंडी घालायची, पाणी उतरलं की पिल्लांसकट परत नदीला, असा त्यांचा संसार. पोरं बुट्ट्या घेऊन बांधावर, मोठी माणसं जाळं लावून रात्रभर कंदील घेऊन बसलेली. सकाळी घरोघरी कालवणाचा वास.

आज्जा एक गोष्ट बजावायचा, "सगळा ओढा अडवू नका रे. पोटुशी सोडा, पुढच्या वर्षी काय खाशीला?" ऐकणारे थोडेच होते, हेही खरं.

आपलं पाणी मार्कंडेय नदीला, मार्कंडेय घटप्रभेला आणि घटप्रभा कृष्णेला मिळते. तिकडं पुण्याकडची भीमाही कृष्णेलाच मिळते. म्हणून मासेही बरेचसे तेच. कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांचा अभ्यास करून १८३९ च्या सुमारास तो छापला. गंमत म्हणजे त्यानं शास्त्रीय नावं देताना इथल्या लोकांच्या तोंडची नावंच उचलली. दगडाला चिकटून राहणारा मळ्या झाला 'मुल्या', मिशीवाला शिंगाळा झाला 'सींघाला'. जगभरचे शास्त्रज्ञ आजही हीच नावं लिहितात. म्हणजे मासे धरणाऱ्या आपल्या माणसांची मराठी लॅटिनमध्ये जाऊन बसली!

पुढं काळ बदलला. १९६२ मध्ये मार्कंडेयवर राकसकोपचा जलाशय झाला, बेळगावला पिण्याचं पाणी मिळालं. नंतर घटप्रभेवर हिडकलचं धरण आलं. शेती भिजली, शहर वाढलं, हे नाकारून चालणार नाही. पण भिंत आडवी आली की चढणीची वाट तिथंच संपते. तळ्या-धरणांत गंगेच्या खोऱ्यातले रोहू, कटला सोडले गेले. १९५२ मध्ये परदेशातून भारतात आणलेला तिलापिया तर कुठंही तग धरतो. आणि बळ्ळारी नाला? शहराचं सांडपाणी वाहून तो काळा झाला. पावसाळ्यात तेच पाणी बासमतीच्या शिवारात शिरतं. त्यात मळ्या कसा जगणार?

आज आमच्या घरी गोव्या-कारवारकडचा बांगडा येतो. नातवाला सुरमई ओळखते, मळ्या ओळखत नाही. मासा गेला की त्याचं नाव जायला एक पिढी पुरते.

म्हणून एक विनंती. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर आज त्यांच्याजवळ बसा. ओढ्यात कुठले मासे यायचे, त्यांना काय म्हणायचे, ते विचारा आणि इथं खाली लिहा. निलजी, मुतगे, मुचंडी, कडोली, कुठलंही गाव असो. ओढा आपल्या एकट्याच्यानं साफ होणार नाही, पण नावं तरी वाचवू.