पाण्याचा हिशेब माणशी मांडणारा अभियंता

बुंदेलखंडास पाण्याचे दुर्भिक्ष नवे नाही आणि पाणी साठविण्याची विद्याही नवी नाही. चंदेलांनी ठिकठिकाणी तलाव बांधले. ओरछाच्या उदितसिंहाने बरुआसागर बांधला. इंग्रजी अमदानीत बेतवेवर पारीछाचा बंधारा उभा राहिला. २५ डिसेंबर २०२४ रोजी केन-बेतवा जोडप्रकल्पाची पायाभरणीही झाली. परंतु आणलेले पाणी कोणाच्या वाट्याला किती यावे, हा प्रश्न धरणाच्या भिंतीने सुटत नाही. या प्रश्नाला आयुष्य वाहिलेल्या एका मराठी अभियंत्याचे स्मरण सुवर्णमहोत्सवी वर्षात करणे उचित ठरेल. त्यांचे नाव विलासराव साळुंखे.

विलासराव पुण्याचे अभियंते व उद्योजक. अचूक मोजमापाची उपकरणे बनविणारा त्यांचा कारखाना होता. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात त्यांनी दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे पाहिली. त्या श्रमातून मजुरी मिळत होती. पुढल्या वर्षी पाणी मात्र मिळणार नव्हते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या मुलखात पाऊस थोडा. आणि जो पडे, तो उतारावरची माती घेऊन वाहून जाई. पाऊस अडविला तर गाव तगेल, असे त्यांच्या अभियंत्याच्या बुद्धीस वाटले.

केवळ सल्ला देऊन ते थांबले नाहीत. नायगाव येथील (सावित्रीबाई फुल्यांचे सातारा जिल्ह्यातील नायगाव ते निराळे) देवस्थानची सुमारे चाळीस एकर उजाड, उताराची जमीन त्यांनी कराराने घेतली. उतारावर समपातळी बांध घातले, ओघळी अडविल्या, झाडे लावली. पायथ्याशी पाझर तलाव केला, त्याच्या खाली विहीर खणली आणि विहिरीचे पाणी उपसून पुन्हा वरच्या शेतांना दिले. कारखान्यात रमलेला हा माणूस उन्हातान्हात माळावर रमला. त्यांच्या पत्नी कल्पनाताई या कार्यात बरोबरीने उभ्या राहिल्या. सुखवस्तू शहरी संसार ओसाड टेकडीशी बांधून घेणे ही एकट्याने करण्याची गोष्ट नव्हे. १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठानची स्थापना झाली.

पाणी दिसू लागताच वाटपाचा प्रश्न आला. त्यातून 'पाणी पंचायत' जन्मास आली. तिचे नियम मोजके, पण मूलगामी होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळेल: माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरते. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकला जाणार नाही. भूमिहीनांनाही वाटा राहील. उसासारखी अधाशी पिके घ्यावयाची नाहीत. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थींनी स्वतः उचलायचा आणि पाळीने पाणी देणारा पाटकरी गावाने नेमायचा. ज्याची जमीन त्याचे पाणी, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत या नियमांनी मुळापासून हलविली.

हे सर्वत्र सुरळीत चालले असे नव्हे. उसाचा मोह मोठा होता. सर्व योजना टिकल्या नाहीत. तथापि पोटासाठी पुण्या-मुंबईची वाट धरलेली कित्येक कुटुंबे पाण्यामागोमाग गावी परतली, हे या प्रयोगाचे खरे फलित म्हटले पाहिजे. २००२ साली विलासरावांचे निधन झाले. पुढे कल्पनाताईंनी ते कार्य चालविले.

आपण झाशीकर मराठी मंडळी कोणत्या ना कोणत्या पिढीत घर सोडून आलेल्यांचे वंशज आहोत. कोणी तलवारीच्या, कोणी रेल्वेच्या, तर कोणी प्रस्तुत लेखकाप्रमाणे सरकारी चाकरीच्या निमित्ताने येथे आले. बढतीसाठी गाव सोडणे निराळे आणि विहीर आटली म्हणून सोडणे निराळे. आजही बुंदेलखंडातली माणसे बोचकी घेऊन झाशी स्थानकावर गाडीची वाट पाहताना दिसतात. आमच्या मानिक चौकापासून ते स्थानक फार दूर नाही. केनचे पाणी येईल तेव्हा ते एकरांनी मोजायचे की माणसांनी, हे आधीच ठरविले पाहिजे. पुरंदरच्या माळावरचा हिशेब त्या कामी उपयोगी पडेल.