उंबरठ्यावरचा मधुमेह

फराळाचे ताट पुढे आले, की घरातील एखादे काका करंजी उचलता उचलता सांगतात, "डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, नुसता उंबरठ्यावर आहे." सगळे हसतात आणि ताट पुढे सरकते. या उंबरठ्याचा इतिहास मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

रोग येण्याआधी आपली चाहूल देतो, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी. आयुर्वेदाने तिला 'पूर्वरूप' हे नाव दिले. प्रमेहाच्या पूर्वरूपांत चरकसंहिता अंगाला व मूत्राला मुंग्या लागण्याचा उल्लेख करते. कारणांत बैठे सुख, झोप, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ मोजते. सुश्रुताचा उपाय तर फारच कडक! निर्धन रोग्याने अनवाणी, छत्रीवाचून, भिक्षेवर राहून शंभर योजने चालावे.

पश्चिमेकडे १७७६ साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने रुग्णाच्या मूत्रात साखर असल्याचे दाखवले. १९२२च्या जानेवारीत टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचले गेले, आणि मरणाच्या दारातली माणसे परतू लागली. पण निरोगी आणि रोगी यांच्यामध्ये जे उभे होते, त्यांचे काय? १९७९-८० साली शास्त्रज्ञांनी या मधल्या अवस्थेची व्याख्या बांधली. हिला बहुधा कसलेच लक्षण नसते. मुंग्याही येत नाहीत. ती कळते रक्तातूनच. आज अमेरिकन मापाने उपाशीपोटी साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम, किंवा ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४० ते १९९ भरली, की माणूस उंबरठ्यावर आला असे समजतात.

तेथून मागे फिरता येते काय? १९८६ साली चीनमधील दाचिंग शहरात या अवस्थेतील ५७७ जणांवर प्रयोग सुरू झाला. सहा वर्षांत, ज्यांना काही विशेष करायला सांगितले नव्हते, त्यांतील सुमारे ६८ टक्के मधुमेही झाले; आहार-व्यायाम सांभाळणाऱ्या गटांत हे प्रमाण ४१ ते ४६ टक्के राहिले. पुढे अमेरिकेत ३,२३४ जणांवर प्रयोग झाला. वजन सात टक्के घटवणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे, एवढेच ध्येय. २००२ साली निकाल प्रसिद्ध झाला: धोका ५८ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिन गोळीने ३१ टक्क्यांनी. आपल्या लोकांचे काय, या शंकेला २००६ साली चेन्नईच्या प्रयोगाने उत्तर दिले. तेथेही आहार-व्यायामाने धोका सुमारे २८ टक्क्यांनी उतरला.

कारण साधे आहे. स्नायू आणि यकृत इन्शुलिनला दाद देईनासे होतात, म्हणून स्वादुपिंड जादा इन्शुलिन ओतते आणि शेवटी थकते. चालणारा स्नायू रक्तातली साखर स्वतः ओढून घेतो. पोटाची चरबी उतरली, की स्वादुपिंडावरचा भार हलका होतो.

तेव्हा काकांच्या हातची करंजी हिसकावून घेण्याचे कारण नाही. एक खाऊ द्या, दुसरी डब्यात ठेवा, आणि फराळानंतर त्यांच्या हाताला धरून कोपऱ्यापर्यंत चालत जा. शंभर योजने नकोत. पण पाऊल रोज पडले पाहिजे. उंबरठ्यावरून घरात परतायचे तर एवढे पुष्कळ आहे.