टोपणनावांच्या घरातली पंचायत

आजचा किस्सा लॅम्डामूचा. झेरॉक्स पार्कमधल्या पाव्हेल कर्टिस या संशोधकाने उभं केलेलं, निव्वळ मजकुरावर चालणारं एक घर. चित्र नाही, आवाज नाही. टोपणनाव घ्यायचं, एक पात्र व्हायचं आणि टाइप करत खोल्याखोल्यांतून हिंडायचं.

१९९३ साली तिथल्या दिवाणखान्यात 'मिस्टर बंगल'ने 'व्हूडू बाहुली' नावाचा छोटासा प्रोग्राम चालवला आणि दुसऱ्यांच्या पात्रांच्या नावावर किळसवाण्या, हिंसक कृती खपवल्या. कोडच्या हिशेबाने सगळं ठीकच चाललं होतं बरं का. पात्रांमागची माणसं मात्र हादरली.

त्यातल्या एकीने मग सगळ्यांसमोर लिहिलं. तिनेही टोपणनावानेच. राग जळजळीत, अगदी शिवीसकट! पण तो एकाच पात्रावर. नवे नियम, खटले, तुरुंग तिने मागितले नाहीत. इथल्या लोकांवर एरवी माझा विश्वासच आहे, असंही म्हणाली. पुढे जे काही झालं त्यापेक्षा मला हे लिखाण मोठं वाटतं.

पुढे काय, तर पंचायत भरली, तासन्‌तास चर्चा झाली, ठरलं काहीच नाही. शेवटी एका 'विझार्ड'ने, म्हणजे अ‍ॅडमिनने, एकट्यानेच बंगलला उडवलं. नंतर कर्टिसने अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. ज्युलियन डिबेलने ही सगळी हकीकत डिसेंबर १९९३ मध्ये 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये छापली.

आणि बंगल? तो 'डॉक्टर जेस्ट' होऊन परत आला. लोकांनी ओळखलंही.