डोळ्यांना येणारा हंगाम: दोनशे वर्षांची एक चुरचुर

आजचा विषय वरवर पाहता फार साधा आहे. ठरावीक ऋतू आला की काही जणांचे डोळे लाल होतात, चुरचुरतात, पाणी गळतं आणि खाज तर अशी सुटते की हात आपोआप डोळ्यांकडे जातो. घरात म्हणतात, ‘धूळ गेली असेल, चोळू नकोस.’ या चुरचुरीलाही इतिहास आहे, आणि तो समजून घेतला तर डोळ्यात काय घालावं आणि काय घालू नये, हेही बरंचसं कळतं. म्हणून आज आपण तो पाहणार आहोत.

सुरुवात लंडनमध्ये करू. 16 मार्च 1819 रोजी तिथल्या वैद्यकीय सभेत जॉन बोस्टॉक या डॉक्टरांनी एक निबंध वाचला. विषय होता डोळे आणि छाती यांना ठरावीक काळाने होणारा एक विकार. शीर्षकात डोळे आधी आले होते, हे लक्षात ठेवू. निबंधातला रुग्ण होता ‘जे. बी., वय 46’. हे जे. बी. म्हणजे खुद्द बोस्टॉकच! आठव्या वर्षापासून दर उन्हाळ्यात, विशेषतः जूनमध्ये, त्यांना हा त्रास व्हायचा. आधी पापण्यांच्या कडा गरम आणि जड वाटायच्या, मग खाज, मग डोळ्यात बारीक टोचण्या लागल्यासारखं व्हायचं आणि अखेर पाण्याची धार लागायची. शिंका आणि दम त्यानंतर.

उपचार किती केले म्हणता? रक्त काढून झालं. कातडीवर फोड उठवून झाले. अफू, पारा, डिजिटॅलिस, गार पाण्याची स्नानं आणि डोळ्यांवर लावायची नाना औषधं झाली. गुण जवळजवळ शून्य. आपण याला हसू शकतो, पण त्या काळच्या उत्तम वैद्यकाकडे एवढंच होतं. रोगाचं कारण ठाऊक नसताना केलेले उपचार असेच असतात.

1828 मध्ये बोस्टॉक यांनी पुन्हा लिहिलं. या वेळी त्यांच्याकडे 28 रुग्णांच्या नोंदी होत्या. लोक तेव्हा म्हणत होते की हा त्रास सुकत घातलेल्या गवतामुळे होतो. ‘हे फीवर’ हे नाव त्यातूनच रूढ झालं. बोस्टॉक यांना मात्र ते पटलं नाही. त्यांचा संशय उन्हावर आणि उष्म्यावर होता. ते उन्हाळ्यात केंटच्या किनाऱ्यावर रॅम्सगेटला जाऊन राहिले, तेव्हा त्यांना बराच आराम पडला. त्याचं श्रेय त्यांनी गारव्याला आणि विश्रांतीला दिलं. आज आपल्याला कळतं, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात गवताचे पराग फार कमी असतात. म्हणजे उपाय बरोबर सापडला होता, कारण चुकलं होतं.

कारण सापडलं मँचेस्टरला. चार्ल्स ब्लॅकली हे तिथले डॉक्टर, आणि तेही या त्रासाचे रुग्ण. एकेक संशयित घ्यायचा आणि स्वतःवर तपासायचा, असा त्यांचा खाक्या. ऊन, धूळ, वास, सगळं तपासलं. परागकण स्वतःच्या नाकात घातले, ओरखडलेल्या कातडीवर चोळले, डोळ्यातही घातले. डोळा भयंकर सुजला, पण उत्तर मिळालं. मग चिकट पदार्थ लावलेल्या काचा हवेत ठेवून ते रोज त्यांवर बसलेले परागकण मोजू लागले. पतंगाला काचा बांधून उंचावरची हवासुद्धा तपासली. हवेत पराग वाढले की त्रास वाढतो, हे त्यांनी 1873 च्या ग्रंथात मांडलं.

आता कारण कळलं म्हणजे औषध लगेच मिळालं असं वाटेल. तसं झालं नाही. हँबर्गच्या विल्यम डनबार यांना वाटलं, परागात विष असावं. त्यांनी घोड्यांना पराग टोचून त्यांच्या रक्तापासून लस तयार केली. 1903 च्या सुमारास ती ‘पोलँटिन’ नावानं विकली जात होती आणि डोळ्यात, नाकात घातली जात होती. पण परागात विष नव्हतंच. 1906 मध्ये क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ‘ॲलर्जी’ हा शब्द दिला आणि लक्ष शरीराच्या बदललेल्या प्रतिक्रियेकडे वळवलं. एरवी निरुपद्रवी असलेल्या परागावर आपलंच शरीर शत्रूसारखं तुटून पडतं, ही समज हळूहळू पक्की होत गेली.

1911 मध्ये लंडनच्या लेनर्ड नून यांनी डोळ्यालाच मोजपट्टी केलं. परागाचा अर्क कमी-जास्त ताकदीचा करून ते रुग्णाच्या डोळ्यात एक थेंब टाकत. किती ताकदीला डोळा लाल होतो, यावरून त्याची सहनशक्ती ठरवत. मग अर्काची अगदी थोडी मात्रा टोचून ती हळूहळू वाढवत नेत. आजच्या ॲलर्जीच्या इंजेक्शनांचं मूळ इथे आहे. नून 1913 मध्ये वारले. त्यांचे सहकारी जॉन फ्रीमन यांनी हे काम पुढे चालवलं.

पुढचं शतक औषधांचं. खाज आणि लाली आणणाऱ्या पदार्थांत हिस्टामिन मुख्य, हे उमगल्यावर 1937 मध्ये डॅनियल बोव्हे यांच्या प्रयोगशाळेत त्याला अडवणारं पहिलं रसायन सापडलं. 1960 च्या दशकात रॉजर अल्टुन्यान या दम्याच्या रुग्ण-डॉक्टरांनी स्वतःवर प्रयोग करून क्रोमोग्लायकेट शोधलं. पुढे त्याचे डोळ्यांसाठी थेंब आले. ज्या पेशींतून हिस्टामिन बाहेर पडतं, त्यांना हे औषध आधीच शांत ठेवतं. म्हणून ते हंगामाच्या आधीपासून घालावं लागतं. कोकणात आगोटीची तयारी मेमध्येच करतात ना, तसंच. पाऊस सुरू झाल्यावर घर शाकारायला घेऊन काय उपयोग?

आणि मग स्टिरॉइड. 1950 च्या दशकात ते डोळ्यांसाठी वापरात आलं आणि जादूच झाली. लाली गेली, खाज गेली. पण थोड्याच वर्षांत डोळ्यातला दाब वाढल्याच्या नोंदी येऊ लागल्या. 1960 च्या दशकात बेकर आणि अर्माली यांनी दाखवून दिलं की काही लोकांत या थेंबांनी दाब बराच वाढतो. दाब वाढत राहिला तर काचबिंदू होतो, आणि त्यात गेलेली दृष्टी परत येत नाही.

आपल्यासाठी हा इतिहास इथे जवळ येतो. भारतासारख्या उष्ण देशांत मुलांमध्ये, त्यातही मुलग्यांमध्ये, या विकाराचा एक हट्टी प्रकार दिसतो. तो वर्षानुवर्षं परत येतो. पुण्यात 1950 च्या दशकात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं गाजर गवत आज माळामाळांवर आहे आणि त्याच्या परागांची ॲलर्जीही आहे. अशा वेळी मागच्या वर्षीची बाटली कपाटातून निघते, किंवा दुकानातून ‘तेच थेंब’ परस्पर येतात. त्या थेंबांत स्टिरॉइड असेल तर मूल आठवड्यात खेळू लागतं, घरही निर्धास्त होतं. दाब मात्र न दुखता वाढत राहतो. स्टिरॉइड कधी कधी लागतंच, पण ते डोळ्यांच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दाब मोजत.

बाकी उपाय साधे आहेत. गार पाण्याची पट्टी ठेवावी. साध्या अश्रूंच्या थेंबांनी पराग धुऊन काढावेत. बाहेर जाताना चष्मा लावावा, आल्यावर तोंड धुवावं. हिस्टामिनविरोधी थेंब डॉक्टरांना विचारून घ्यावेत. डोळे चोळू नयेत, कारण चोळल्यानं त्याच पेशींतून आणखी हिस्टामिन सुटतं. शिवाय वर्षानुवर्षं चोळणाऱ्यांत बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा धोका असतो. आणि दुखणं, उजेड सहन न होणं किंवा अंधूक दिसणं सुरू झालं, तर ही नेहमीची ॲलर्जी आहे असं धरून न चालता त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

बोस्टॉक, ब्लॅकली आणि नून यांच्यात एक गोष्ट समान आहे. तिघांनीही आधी नीट पाहिलं, लिहून ठेवलं, मोजलं. आपल्या घरातही हे जमण्यासारखं आहे. मुलाचे डोळे कोणत्या महिन्यात लाल होतात, कुठे गेल्यावर वाढतं, कोणते थेंब किती दिवस घातले, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. दवाखान्यात जाताना ते कॅलेंडर आणि जुनी बाटली, दोन्ही सोबत न्या. डॉक्टरांना निम्मं उत्तर तिथेच मिळेल.