पुदुकोट्टईच्या भगिनी आणि त्यांची सायकल

सायकल पोरासोरांची, नाहीतर दूधवाल्याची, असे आपण समजतो. परंतु आपल्याच देशात एका जिल्ह्यातील बायकांनी तिच्या जोरावर आपले दिवस पालटले. तो इतिहास सर्वांना ठाऊक असावा म्हणून हे चार शब्द.

तामिळनाडूत पुदुकोट्टई हा कोरडवाहू, गरीब जिल्हा. १९९१ साली तेथे साक्षरतेची मोठी चळवळ चालू होती. तिचे नाव अरिवोळी इयक्कम. शीला राणी चुंकत या तेव्हा जिल्हाधिकारी होत्या. अक्षरे शिकवावयाची खरी, पण बायकांनी गावोगाव हिंडावे कसे? बसची वाट पाहण्यात, नाहीतर नवऱ्या-भावाची सवड पाहण्यात दिवस जाई. म्हणून चुंकतबाईंनी पाटी-पेन्सिलीच्या जोडीला सायकलही शिकवायचे ठरवले, आणि ती घेण्यास बँकांनी बायकांना कर्ज द्यावे म्हणून खटपट केली.

शेतमजूर, दगडखाणीतल्या मजुरणी, परिचारिका, बालवाडीच्या शिक्षिका अशा सर्व थरांतल्या बाया शिकल्या. चेष्टा झाली, वाईटसाईट बोलणी ऐकावी लागली. त्या थांबल्या नाहीत. पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहिले आहे की, सुमारे दीड वर्षात एक लाख ग्रामीण बाया सायकल चालवू लागल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा पुरुषांच्या घेतल्या. पुढे कित्येकींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येते! हे आईलाच सुचावे. पाणी, बाजारचा माल, मूल, सारे सायकलीवर. ना पेट्रोलचा खर्च, ना धूर.

त्याच सुमारास, १९९२ साली, मी सातवी पास झाले. हायस्कूल शेजारच्या गावी, साडेचार किलोमीटरांवर. घरात सायकल एकच, ती थोरल्या भावाची. शिकू नकोस असे मला कोणी म्हटले नाही. वाट लांब होती, एवढेच. आणि शिक्षण तेथे थांबले.

पुढे २००६ साली बिहार सरकारने नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना काढली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अभ्यासकांनी तिचा हिशेब मांडला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. योजनेमुळे हायस्कुलात जाणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले, आणि जेथे शाळा ३ किलोमीटरांहून दूर, तेथे फरक अधिक पडला. म्हणजे मुली मागे राहत होत्या त्या बुद्धी कमी म्हणून नव्हे, शाळा लांब म्हणून.

आपल्या वस्तीतही मुलगी मोठी झाली की तिची सायकल माळ्यावर जाते. रस्त्यावरच्या मोटारींची भीती खरी आहे, ती कोणी हसण्यावारी नेऊ नये. यासाठी मंडळाने या वर्षी दोन कामे हाती घ्यावीत. शाळेच्या वाटेवर सायकलीपुरती मोकळी कड ठेवावी असा अर्ज सर्वांच्या सह्यांनी नगरपालिकेला द्यावा. आणि दर रविवारी सकाळी मैदानावर बायकांचा सायकलवर्ग भरवावा. वर्गाच्या वहीत पहिले नाव माझे लिहून घ्यावे, ही विनंती.